आज गुरुवार, शिवराक

आमच्या आत्याने ठाण्यातल्या एका शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवली. तिच्याबरोबर कुठलंही प्रदर्शन बघायचं म्हणजे जरा जोखमीचं काम. ती चित्रापुढे उभी राहते, चष्मा कपाळावर चढवते आणि मोठ्याने मार्क देते. मुंबईत एकदा चित्रकार शेजारीच उभा असताना ती म्हणाली होती, "बोटं जमत नाहीत, म्हणून सगळ्यांचे हात खिशात घातलेत." तेव्हापासून मी तिच्यापासून चार पावलं लांब उभी राहते.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तिचा फोन आला. "पिंगुळीला जायचंय. सावंतवाडीलाही. गुडघे चालतायत तोवर जाऊन येऊ." मी तीन दिवस रजा टाकली.

बुधवार: कुडाळ आणि पिंगुळी

कोकणकन्या तासभर उशिरा पोचली, तक्रार नाही. कुडाळला उतरलो तर आभाळ भरून आलेलं. रिक्षावाला गाडीपेक्षा आभाळाकडेच जास्त बघत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातकापणी चाललेली, आणि परतीचा पाऊस काही परतायला तयार नाही. कापून आडवं टाकलेलं भात बायका पुन्हा उचलून बांधावर नेत होत्या. "दोन दिस उघाड मिळाक होयी," एवढंच तो म्हणाला.

लॉजवर सामान टाकलं, एका खानावळीत बांगड्याचं ताट जेवलो (ठीक, पण तिरफळ नावालाच) आणि दुपारी पिंगुळीला गेलो. कुडाळपासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. गावात नुसतं "ठाकरांचं संग्रहालय" विचारलं तरी कुणीही गुढीपूरची वाट दाखवतं.

ठाकर आदिवासी कला आंगण हे नाव ऐकून डोळ्यांपुढे काचेची कपाटं आली असतील तर ती बाजूला ठेवा. एका घराचं अंगण, आणि त्या घराच्या गोठ्याचं केलेलं संग्रहालय. परशुराम गंगावणे यांनी आयुष्यभर जपलेल्या बाहुल्या, पोथ्या आणि वाद्यं इथे आहेत. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि लोकांचं येणं वाढलं. चित्रकथी (म्हणजे चित्रं दाखवत सांगायची कथा), कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, पांगुळबैल, राधानाच अशा लोककला, सगळं एकाच छपराखाली. भिंतीवर टांगलेलं फार थोडं. बरंचसं गाठोड्यांतून, पेट्यांतून निघतं आणि तुमच्यासमोर उलगडतं.

आत्या पहिल्याच चित्रापुढे थांबली. चष्मा वर. "एलिमेंटरीला स्मरणचित्रात कुणी असे डोळे काढले असते ना, मी सरळ मार्क कापले असते."

चेहरा बाजूने, डोळा मात्र समोरून बघावा तसा अख्खा, बटाट्याच्या कापाएवढा. नाक टोकदार. मागे डोंगर नाही, झाड नाही, कोरा कागद. कपड्यांवर मात्र इतकी बारीक नक्षी, की ठिपके मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. तांबडा, पिवळा, काळा, थोडा हिरवा. एका युद्धाच्या चित्रात बाण इतके दाटीने काढले होते की आभाळालाच केस आल्यासारखे वाटले.

दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, अशा सुट्या पानांची एक पोथी. एका पोथीत एक आख्यान. ठाकर मंडळी ही पोथी घेऊन देवळांत कथा सांगत. कुठल्या गावात कुणी सांगायची याचे हक्क सावंतवाडी संस्थानाने वाटून दिलेले होते. जुन्या पानांचे खालचे दोन्ही कोपरे काळे पडलेले दिसले. मला वाटलं कसर लागली. आत्याने वाकून बघितलं आणि आपला अंगठा त्या काळ्या डागावर, न टेकवता, धरला. बरोब्बर मावला.

मग आमच्यासाठी थोडी चित्रकथी सादर झाली. वीणा, हुडूक, टाळ. सांगणारा मांडी घालून बसला, पान गुडघ्यांना टेकवून उभं केलं आणि आवाज चढवला. प्रसंग संपला की पान खाली, पुढचं वर. आत्या पुटपुटत होती, "थांब की जरा, बघू दे." पण कथा कशाला थांबतेय! राक्षसाचा पाय निरखत बसावं तर तोवर राक्षस मेलेला. तिसऱ्या पानानंतर आत्याने नाद सोडला आणि चष्मा खाली घेऊन नुसती ऐकत बसली. तिला मार्क न देता बसलेली मी तरी प्रथमच पाहिली.

चामड्याच्या बाहुल्यांचं थोडक्यात सांगते. हातात घेतल्यावर जुन्या पापडासारख्या वाटतात. मागे दिवा धरला की रंग पेटतात, आणि टोच्याने पाडलेल्या भोकांतून दागिने चमकतात. कळसूत्री बाहुल्या लाकडाच्या. त्यांचे फोटो काढण्यात मी इतकी गुंतले की चित्रं विकत घेताना कोण काय सांगतंय हे ऐकलंच नाही. एका चित्रात लांबलचक शेपटी दिसली, मारुती समजून घेऊन टाकलं. याचं पुढे काय झालं ते येईलच.

जाणार असाल तर आधी फोन करून वेळ ठरवा. हे लोकांचं राहतं घर आहे, आणि सादरीकरण बघायचं तर त्यांनाही माणसं जमवावी लागतात. निदान दोन तास हाताशी ठेवा. चित्र घेणार असाल तर घरूनच जाड पुठ्ठ्याची नळी घेऊन जा. मी नेली नव्हती.

गुरुवार: सावंतवाडी

सकाळी कुडाळहून एसटीने सावंतवाडी. रेल्वेने थेट येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की सावंतवाडी रोड स्टेशन गावात नाही, ते मळगावला आहे, आणि तिथून शहर गाठायला पुन्हा वाहन बघावं लागतं.

मोती तलावाच्या काठाने चालत राजवाड्यात गेलो. तलाव १८७४ सालचा, पावसाने तुडुंब. राजवाडा जांभ्या दगडाचा, कमानींचा, ओल्या उजेडात चहाच्या रंगाचा दिसत होता. दरबाराच्या दालनात शस्त्रं, जुने फोटो वगैरे आहे ते आहे. आम्ही आलो होतो गंजिफांसाठी.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. मोगलांबरोबर हिंदुस्थानात रुळलेला खेळ. मोगली गंजिफेत ९६ पानं. आपल्याकडे त्याची दशावतारी झाली: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०. बारांपैकी एक राजा, एक प्रधान, बाकी एक्क्यापासून दश्शीपर्यंत. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. छापील पत्ते आले आणि हा खेळ मागे पडला. सावंतवाडीचे शिवरामराजे भोंसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या जुन्या कारागिराकडून ही विद्या स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. सत्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या. काम चालू आहे. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळालं.

दालनात एक ताई खाली मान घालून पान रंगवत होत्या. मत्स्याची नव्वी. चकती बांगडीच्या तोंडाएवढी, त्यात नऊ मासे, आणि प्रत्येक माशाला खवले. कुंचल्याला केस किती असतील? चार, फार तर पाच. सहाव्या माशाचा डोळा टेकवताना त्यांनी श्वास धरला, आणि त्यांच्याबरोबर आत्यानेही. मग दोघींनी एकदमच सोडला आणि एकमेकींकडे बघून हसल्या.

"पृष्ठभाग कशाने करता?" आत्याची चौकशी सुरू झाली. चिंचोक्याची खळ, खडूची भुकटी, मग घोटाई. आत्याने एक तयार पान गालाला लावून बघितलं. मी चार पावलं मागे सरकले.

"पण खेळतात कसे?" मी विचारलं. तीन जण, प्रत्येकी चाळीस पानं. आणि डावाची सुरुवात कुणी करायची याचा नियम मला फार आवडला: दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्या हातात तो उतरणार, रात्री खेळत असाल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. दुपारी बाराचा जन्म आणि मध्यरात्रीचा जन्म, असं मी माझ्यापुरतं लावून घेतलं.

आत्याने दशावतारीचा एक पूर्ण संच घेतला. किंमत लिहीत नाही, कारण काकांना तिने अजून सांगितलेली नाही.

राजवाड्यात जाताना बघण्याची वेळ आधी विचारून घ्या आणि फोटोंबद्दलही दारातच विचारा. आणि संच घ्यायचा नसला तरी एकेक पान न्याहाळायला तासभर द्या. बहुतेक लोक तलवारींपुढे जास्त वेळ उभे राहत होते, ते मला काही कळलं नाही.

तिथून चितार आळी. लाकडी खेळण्यांची दुकानं ओळीने. भातुकली, भोवरे, पाट, आणि ती प्रसिद्ध लाकडी फळं. पूर्वी पांगाऱ्याचं हलकं लाकूड असे. हापूस आंबा इतका हुबेहूब, की आत्याने तो सवयीने देठाकडून हुंगला. दुकानदार म्हणाला, "सगळीच हुंगतत." मी एक सीताफळ घेतलं. रेंज नव्हती, फोनने पैसे जाईनात, तेव्हा रोख जवळ ठेवा.

आणि मग पाऊस. रिक्षाला एका बाजूचा पडदाच नव्हता आणि त्या बाजूला मी बसले होते, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला माझा मारुती.

गुरुवार रात्र: जेवण

मुक्काम सावंतवाडीपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात, एका काकूंच्या घरी होता. दोन खोल्या पाहुण्यांना देतात, स्वयंपाक स्वतः करतात. ओळखीतून कळलेलं, आणि ज्यांनी सांगितलं ते काकूंच्या माशाच्या कढीचं वर्णन करताना डोळे मिटत होते. आदल्या दिवशीचा फिका बांगडा आम्ही या भरवशावरच सोडून दिला होता.

भिजून पोचलो. काकूंनी टॉवेल दिले, चहा दिला. आत्याने सहज विचारलं, "आज कुठला मासा मिळाला?"

काकूंनी तोंडावर हात धरला. "अगो बाय! आज गुरवार नाय? आमच्याकडे शिवराक." घरात दत्ताची भक्ती, गुरुवारी चुलीला मासा लागत नाही. मालवणीत शाकाहाराला शिवराक म्हणतात. हा शब्द मी त्या संध्याकाळी शिकले आणि तोंड पाडून शिकले. तेव्हा मासे खायला जाणाऱ्यांनो, घरगुती मुक्कामाचा वार आधी विचारा. या भागात बऱ्याच घरी सोमवार पाळतात, काही ठिकाणी गुरुवारही.

मी चित्र उघडलं. खालचा डावा कोपरा फुगला होता, शेपटीचा रंग उतरून बोटभर पसरला होता. मला रडूच आलं. काकूंनी काही न बोलता ते सुपात ठेवलं आणि सूप चुलीपासून हातभर लांब, भिंतीशी. "हडे नको बगू. जेवूक चल."

पानं मांडली आणि लाईट गेली. काकूंच्या मुलाने बॅटरी खुंटीला टांगली, काकूंनी देवघरातली समई आणून मधे ठेवली, आणि त्या उजेडात ताट आलं.

काळ्या वाटाण्याचं सांबारं. हे मी आधी खाल्लं होतं असं मला वाटत होतं. नव्हतं खाल्लं. रात्रभर भिजलेले काळे वाटाणे, त्यांना कांदा-खोबरं जवळजवळ काळं होईस्तोवर भाजून केलेलं वाटप, आणि घरचा मालवणी मसाला. पहिल्या घासाला नुसता धुराचा वास. दुसऱ्याला खोबऱ्याची गोडी. तिखट सगळ्यात शेवटी, मागच्या दाराने येतं. बरोबर आंबोळ्या, एका बाजूने जाळीदार, दुसऱ्या बाजूने पांढऱ्या स्वच्छ. आंबोळीच्या जाळीत सांबारं शिरलं की तो घास चमच्याने खायचा नसतो. अळूची भाजी, तिच्यात मे महिन्यापासून जपून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या. उकड्या तांदळाचा लालसर भात आणि वर कुळथाची पिठी. वाटीत सोलकढी. आत्या तिसऱ्या आंबोळीला म्हणाली, "माशाचं बरं झालं." तिच्याकडून एवढं म्हणजे डिस्टिंक्शन.

काकूंच्या सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. वय नव्वदीच्या आसपास, कानाने कमी, डोळे लख्ख. त्यांची नजर सुपाकडे गेली. "काय सुकत घातलंस?"

"चित्र आहे, आजी. पिंगुळीहून आणलंय. मारुतीचं."

"हाड बगया." सूप त्यांच्या मांडीवर आलं. त्यांनी पान दोन्ही हातांनी उचललं, खालचे कोपरे अंगठ्यांत धरून, आणि गुडघ्यांना टेकवून उभं केलं. समईचा उजेड त्यावर पडला.

"मारुती नाय गो चेडवा. अंगद तो."

मी म्हटलं, शेपटी आहे की.

"शेपटी आसा म्हणान मारुती? हो बघ रावण. रावणान अंगदाक बसाक आसन दिल्यान नाय. मग ह्येना काय केल्यान? शेपटेचा येटोळा केल्यान. येटोळ्यावर येटोळा. आणि वर बसलो. बघ, रावणापेक्षा उच बसलो!"

खरंच की. चित्रभर ज्याला मी नक्षी समजत होते ती शेपटीची वेटोळी होती, आणि वर बसलेला अंगद सिंहासनावरच्या रावणाकडे खाली बघत होता. दीड दिवस ते चित्र माझ्याजवळ होतं.

आजी थांबल्या नाहीत. त्यांच्या माहेरच्या देवळात नवरात्रात ठाकर पोथी घेऊन येत, त्या लहान असताना खांबाला टेकून ऐकत. अंगद काय बोलला, रावण काय बोलला, दोन्ही आवाज त्यांनी काढले. रावणाचा आवाज काढताना त्यांना खोकला आला, पाणी प्यायल्या, आणि बरोबर त्याच शब्दावरून पुढे गेल्या. काकूंच्या मुलाचा पोरगा घास तोंडात धरून ऐकत होता. काकू भात वाढायच्या थांबल्या होत्या. सांबारं निवलं.

शेवटी आजींनी भिजलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हय काय झाला?"

"पावसात भिजलं, आजी. बिघडलं."

त्यांनी जरा निरखलं. "बिघडाक काय झाला? अंगदाचो आणि एक येटोळो वाढलो." आणि सूप परत केलं.

लाईट साडेदहाला आली. तोवर आम्ही तवसोळी खात होतो, तवशाचा म्हणजे मोठ्या काकडीचा गुळाचा केक म्हणा हवं तर. उजेडात सगळे एकमेकांकडे डोळे बारीक करून बघत राहिलो, नाटक सुटल्यावर बघतात तसे.

शुक्रवार: परत

सकाळी पेज आणि लोणचं. काकूंनी काळे वाटाणे आणि मसाल्याची पुडी बांधून दिली. मसाल्याचे पैसे घेतले, वाटाण्यांचे घेतले नाहीत. आजी झोपल्या होत्या. ऊन पडलं होतं, आणि रस्त्यात प्रत्येक अंगणात, ओट्यावर, अगदी डांबरावरही भात पसरलेलं. चालक सगळ्यांना वळसे घालत गाडी काढत होता.

परतीला मांडवी एक्स्प्रेस. खाणंपिणं सारखं फिरत असतं, डबा न्यायची गरज नाही. डाव्या-उजव्या खिडकीचं भांडण करू नका, बोगद्यांत दोन्ही सारख्याच.

चिपळूणला एक आजोबा चढले. आत्याने संच उघडलेला बघून त्यांचे डोळे चमकले. आयुष्यभर ‘तीनशे चार’ हा पत्त्यांचा डाव खेळलेला माणूस, त्यांना गोल पत्ते म्हणजे नवीन खुळखुळा. तिसरा गडी आयताच मिळाला. आत्याने हात रुमालाला पुसायला लावले, एकशे वीस पानं वाटली, चाळीस-चाळीस. एवढी गोल पानं एका हातात धरता येत नाहीत, म्हणून मांडीवर ढीग. बघता बघता माणगाव मागे पडलं.

"रामाचा राजा माझ्याकडे," आत्या म्हणाली. "मी उतरते."

"कृष्ण माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "आणि डब्यातले दिवे लागलेत. रात्र झाली."

"डोंगरावर ऊन आहे अजून. दिवस आहे."

दोघींनी आजोबांकडे बघितलं. त्यांनी खिडकीतून वाकून बाहेर बघितलं, मग वर ट्यूबलाईटकडे, आणि आपली पानं शांतपणे पालथी घातली.

"तिन्हीसांजेला पत्ते खेळू नयेत," ते म्हणाले. "थांबा. अंधार पडू दे."

पानं मांडीवर पालथी ठेवून आम्ही तिघं रोह्यापर्यंत चहा पीत बसलो.